पुसू की ठेवू?

जुन्या गाडीच्या फायरवॉलवरचा, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या पत्र्यावरचा, काळा थर फडक्याने काढत होतो. वायरिंगच्या मागे पिवळ्या मेणखडूची तिरकी रेघ दिसली. कारखान्यात जोडणी तपासताना कुणीतरी घाईत मारलेली खूण असणार. शेवटाला खडू दाबल्याचा ठिपकासुद्धा शाबूत आहे.

मुलगी म्हणाली, "बाबा, त्या काकांना माहीत असेल का, ही अजून आहे?"

तेव्हापासून हात चालेना.

बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा मात्र झिरपलेल्या ॲसिडने पापुद्रे सुटेपर्यंत खाल्लाय. खायचा सोडा पाण्यात कालवून ओतला, फेस थांबेपर्यंत धुतलं. तिथे दयामाया नाही, उघड्या पत्र्यापर्यंत घासून प्रायमर मारायचाच.

पण ही चार बोटं जागा? फोटो काढलाय, तरी मन मानत नाही. तुम्ही काय केलं असतं?