जिबची दोरी नेमकी कुठून ओढायची?

होडी वाऱ्यावर चढेना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेकडं तिरकी पुढं सरकेना झाली की जो तो आधी पुढच्या शिडाची, म्हणजे जिबची, दोरी आवळायला धावतो. दात-ओठ खाऊन ओढायचं! खरं जोर किती लावला याच्यापेक्षा दोरी कुठनं ओढली जाते यावर सगळं अवलंबून असतंय.

आमची होडी एंटरप्राइज. जॅक होल्टनं १९५६ साली आखलेली, सव्वातेरा फुटी, दोघांपुरती. जुनी घेतली तेव्हा जिबची दोरी ओवायला दोन्ही अंगांना एकेक कडी कायमची ठोकलेली होती. बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या पाण्यावर वारा एकसारखा कुठला मिळायला? पावसाळा तोंडावर आला की पश्चिमेकडून झोतानं येतो, वळवाच्या दिवसांत तर कुठनं येईल नेम नाही. अशा ठिकाणी न सरकणारी कडी काय कामाची?

कडी पुढं घेतली की दोरी शिडाचा मागचा कोपरा खाली खेचते. मागची कड आवळते, शिडाचा तळ सैल पडून पोट धरतो. मागं नेली की तळ ताणला जातो आणि वरचा भाग उघडून जादा वारा सोडून देतो. वारा वाढला की हेच हवं असतं. जागा शोधायला जिबच्या पुढच्या कडेलगत वर, मध्ये, खाली लोकरीचे धागे चिकटवा, दोन्ही बाजूंना. वाऱ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं चालताना होडी हळूच आणखी वाऱ्याकडं वळवा. वाऱ्याच्या बाजूचा वरचा धागा आधी फडफडला तर कडी पुढं, खालचा आधी फडफडला तर मागं. तिन्ही एकदम नाचले की झालं.

कडी मागंपुढं सरकवायला पट्टी बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतली. स्टेनलेसची, २० मिमीवर एकेक भोक, त्यात बसणारी स्प्रिंगची पिन. मिलिंगवाले मामा म्हणाले, "एवढ्याशा दोरीला एवढे बोल्ट कशाला ओ?" ताण वरच्या दिशेनं येतो, पट्टीच उखडून निघेल, असं सांगितल्यावर खालनं लावायला रुंद वॉशर त्यांनीच शोधून दिले. प्रत्येक बोल्टाभोवती सीलंट भरलं, नाहीतर लाकडात पाणी मुरतंय.

पट्टी आडवी किती आत घ्यायची? शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यापासून बघितलं तर मध्यरेषेशी साधारण १० अंश. म्हणजे मीटरभर मागं गेल्यावर १७-१८ सेंमी बाहेर. फार आत घेतलं की मोठ्या शिडाच्या पाठीवर वारा आदळतो.

दोरी १० मिमीची होती, ती काढून ७ची घातली. जाड दोरी भिजली की मंद वाऱ्यात तिच्या वजनानंच शीड लोंबतं. दोरी दातांत पकडून ठेवणारी कॅम क्लीट बसवलीय, खरं झोताच्या वाऱ्यात मी दोरी हातातच धरतो. रॅचेट ब्लॉकवर, म्हणजे एकाच दिशेनं फिरणाऱ्या कप्पीवर, मात्र पैसे घालायची गरज नाही; एवढी जिब हातानं आरामात पेलते.

आणि उन्हाळ्यात पाणी उतरून धरणात बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर दिसायला लागलं की त्या अंगाला वाऱ्यावर चढायच्या भानगडीत पडू नका. पाणी उथळ, त्यामुळं सेंटरबोर्ड, म्हणजे होडीखालची उभी फळी, उचलावा लागतो, आणि मग कडी कुठंही असू दे, होडी आडवीच घसरते.