चौथा गिअर आणि तीन महिने

"या सायकलींचे गिअर असेच असतात हो." हे वाक्य मी तीन महिन्यांत तीन वेळा ऐकलं, आणि तिन्ही वेळा पैसे मोजून ऐकलं.

सायकल सेकंडहँड, स्टीलच्या फ्रेमची, २१ गिअरची. पुढे तीन चकत्या, मागे सात. पहिला आठवडा कोथरूड ते कॅम्प मजेत गेला. मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागून ती उजव्या अंगावर पडली. ओरखडासुद्धा नव्हता. उचलून उभी केली आणि विसरून गेलो.

त्यानंतर मागचा चौथा गिअर बसेना. किरकिर किरकिर, आणि चढावर जोर दिला की चेन सटकून पाचव्यावर. दुकानात नेली. पोराने सायकल स्टँडवर चढवली, पेडल फिरवलं, वायर ताणली, "झालं." घरी येईपर्यंत चौथा ठीक, दुसरा बिघडलेला. पुन्हा नेली. या वेळी वायर आणि आउटर, म्हणजे वायरवरचं नळीसारखं आवरण, दोन्ही बदललं. आता दुसरा ठीक, सहावा रुसलेला. तिसऱ्यांदा मालकानेच पाहिली आणि त्यानेही वरचं वाक्य ऐकवलं.

मग मीच बसलो. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो भाग म्हणजे डिरेलर. त्यात वायर शिरते तिथे एक छोटा गोल नॉब असतो, बॅरल. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल, तर मागून बघत तो घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवायचा. लहान चकतीवर उतरत नसेल तर सुलट. एवढंच शास्त्र. पण मी रोज रात्री जेवण झाल्यावर पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करत राहिलो. बायको म्हणाली, "रेडिओ लावतोयस का?" एक गिअर जमला की दुसरा हातातून जायचा. ही खूण मला तेव्हाच कळायला हवी होती. फक्त वायर सैल असेल तर सगळे गिअर एकाच दिशेने चुकतात. काही नीट आणि काही वाकडे असतील, तर दुखणं वायरच्या ताणात नसतं.

वैतागून इंडेक्सचा, म्हणजे एका क्लिकला एक गिअर बदलणारा, शिफ्टर काढला आणि फ्रिक्शनचा साधा थंब शिफ्टर बसवला. त्यात क्लिक नसतात. लीव्हर ओढायचा आणि किरकिर थांबेपर्यंत कानाने जुळवायचं. १९८४ मध्ये शिमानो कंपनीच्या ड्युरा-एस या शर्यतीच्या गिअर-संचात क्लिकची पद्धत येईपर्यंत शर्यतीतले लोकही बहुतेक असंच चालवत होते, मग मी कोण मोठा! पंधरा दिवस खूश होतो. दुकानदाराला मनातल्या मनात बरंच सुनावलंही.

मग बोपदेव घाट. चढावर पहिला टाकला आणि मागून टिक्-टिक्-टिक्. डिरेलरचा पिंजरा चाकाच्या तारांना घासत होता. आणखी थोडं रेटलं असतं, तर डिरेलर तारांत अडकून चाकासकट गेला असता. उतरून पहिल्यांदाच सायकलच्या मागे उकिडवा बसलो. पिंजऱ्यातल्या दोन्ही पुल्या, म्हणजे चेन ज्यांवरून फिरते ती छोटी चाकं, चकत्यांच्या सरळ रेषेत हव्यात. खालची सरळ सरळ चाकाकडे झुकलेली होती. डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर, फ्रेमचा तो कान, पार्किंगमध्ये पडली त्याच दिवशी वाकला होता. फ्रिक्शनने दुखणं बरं केलं नव्हतं, फक्त आवाज बंद केला होता.

पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी डिरेलर सोडवला, नटवाल्या एक्सलचं दुसरं एक चाक उचललं, त्याचा एक्सल हँगरच्या आट्यांत फिरवून बसवला आणि दोन्ही रिमा समांतर होईपर्यंत हाताने वाकवलं. दहा मिनिटं. (स्टीलचा हँगर असा सरळ होतो. ॲल्युमिनियमचा बदललेला बरा, तुटतो.) मग वायर चाचपून म्हणाले, "ही तर ब्रेकची आउटर घातलीय कुणी." ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखं वेटोळं असतं, ते ताणाखाली दबतं आणि क्लिकचा हिशोब चुकवतं. गिअरच्या आउटरमध्ये तारा उभ्या असतात. उलटं मात्र कधीही करू नका. गिअरची आउटर ब्रेकला लावली तर जोरात दाबल्यावर ती फुटू शकते.

मागे आता पुन्हा इंडेक्स आहे, एकदाही नॉब फिरवलेला नाही. तो थंब शिफ्टर पुढच्या तीन चकत्यांना लावला. तिथे फ्रिक्शनच बरं वाटतं, चेन पुढच्या डिरेलरला घासायला लागली की लीव्हर केसभर सरकवता येतो.

एक राहिलंच. हँगर सरळ केल्यावर डिरेलर दोन्ही टोकांना किती सरकेल ते ठरवणारे लिमिटचे दोन्ही स्क्रू पुन्हा बघा, विशेषतः एल लिहिलेला, मोठ्या चकतीकडचा. पहिल्या गिअरमध्ये चेन सर्वांत मोठ्या चकतीवर चढली पाहिजे, पण तिच्यापलीकडे तारांत जाता कामा नये.

मिस्त्रींनी साठ रुपये घेतले. सायकल आता उजवी बाजू भिंतीकडे करून लावतो.