अनाथालयाच्या पडवीतले रजिस्टर

रविवार, रात्री

तालुक्याच्या गावी जुन्या अनाथालयाच्या इमारतीत लहानसे इतिहास-संग्रहालय सुरू झाले आहे, ते आज सवडीने पाहून आले. काळ्या दगडाचे जोते, सागवानी तुळया, मंगलोरी कौले आणि तिन्ही बाजूंनी पडवी असलेली ही वास्तू दुरुस्तीच्या नावाखाली बिघडवलेली नाही, एवढ्यासाठी तरी संचालकांचे कौतुक केले पाहिजे. (आतल्या भिंतींचा पोपटी रंग मात्र डोळ्यांना सोसवत नाही.)

मधल्या दालनात खानदेशच्या फारुकी सुलतानांचे थाळनेर आणि बऱ्हाणपूर, अकबराने १६०१ मध्ये घेतलेला अशीरगड, १८१८ नंतरचा इंग्रजी अंमल, धरणगावची भिल्ल पलटण असे सगळे तक्ते ओळीने लावले आहेत. ते नीटनेटके आहेत. पण तेवढी माहिती कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडते. ज्या मुलांसाठी ही इमारत बांधली गेली, त्यांच्या वाट्याला मात्र मागच्या पडवीतले एकच कपाट आले आहे, आणि माझा बहुतेक वेळ त्या कपाटापुढेच गेला.

१८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग आलेला प्लेग यांतून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ मध्ये पावसाने पाठ फिरवली आणि छप्पनचा (म्हणजे विक्रम संवत १९५६ चा) दुष्काळ पडला. सरकारच्या दुष्काळ संहितेत निराधार मुलांच्या व्यवस्थेची तरतूद होती. दुष्काळ सरल्यावर ज्यांचे नातलग सापडत नसत, ती मुले अनाथालयांकडे सोपवली जात. कपाटातले रजिस्टर त्याच काळातले आहे. मोडीतले रकाने सावकाश लावत गेले: दाखल तारीख, नाव, अंदाजे वय, जात, कोठे सापडले, शेरा. 'कोठे सापडले' या रकान्यात स्टेशनचे आवार, खडी फोडण्याचे काम, बाजार, धर्मशाळा अशा नोंदी आहेत; शेऱ्यात 'देवी काढल्या' (म्हणजे देवीची लस टोचली), पुढे कित्येकांच्या नावापुढे 'मयत'. एका मुलीच्या नावाशेजारी बारीक अक्षरात 'मूळ नाव सांगता येत नाही, सबब येथे ठेविले' असे लिहिले आहे. लिहिणाऱ्या कारकुनाने एवढी तसदी घेतली, हे मला फार मोलाचे वाटले.

मी वाचत असतानाच एक वृद्ध बाई नातवाला घेऊन आल्या आणि पहारेकऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, मना आजानं नाव आठे लिखेल शे का?" त्याला उत्तर देता येईना, कारण नोंदी तारखेप्रमाणे आहेत, आणि बाईंना साल ठाऊक नव्हते.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरे धुंडाळून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध केली आणि १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच देह ठेवला; त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे अजून ती कागदपत्रे सांभाळून आहे. जुन्या कागदाची किंमत खानदेशाला कुणी नव्याने समजावायला नको. मग सनदा आणि वतनपत्रे जपताना दाखवलेली आस्था या पोरक्या मुलांच्या रजिस्टराला का मिळू नये? माझ्या मते मधले दालन याच नोंदींना द्यावे आणि सुलतान खुशाल पडवीत जावेत.

मात्र पाने जशीच्या तशी काचेखाली उघडी टाकणे मला पटत नाही. जातीचा रकाना आणि 'कोठे सापडले' हा तपशील वंशजांच्या आजच्या शेजाऱ्यांनी वाचावा असा नाही. पाहणाऱ्यांसाठी सालवार, गाववार गोषवारा लावावा. पूर्ण नोंद फक्त घरच्या माणसाने विचारल्यावर दाखवावी. त्यासाठी आधी नावांची अकारविल्हे सूची हवी, म्हणजे साल ठाऊक नसले तरी नोंद काढून देता येईल. बांधणी सुटलेल्या रजिस्टराचे कोपरे चुरत आहेत, तेव्हा पाने हाताळण्याआधी त्यांची छायाचित्रे काढावीत, असे मी व्यवस्थापकांना सुचवले. मोडी वाचणारे कुणी मिळत नाही म्हणून काम अडले आहे, असे ते म्हणाले. पुढच्या रविवारपासून सकाळी दोन तास बसायचे मी कबूल केले आहे; खोली आणि टेबल ते देणार आहेत.