आमची वाटचाल : कोठीच्या कडीपासून डँपरच्या दांड्यापर्यंत

आमचे वडील जालन्यात धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या करायचे, उन्हाळ्यात कूलरच्या बॉडी. २००७ साली मी त्याच शेडमध्ये डक्टिंगचं, म्हणजे हवा नेणाऱ्या पत्र्याच्या वाहिन्यांचं काम धरलं. पत्रा आमच्या हातातला होता, त्यामुळे डँपर, म्हणजे डक्टमधली हवा सोडणारी-अडवणारी झडप, हाही आम्हाला सोपा वाटला. चौकट, पाती, मधून दांडा, बाहेर हँडल. त्यात काय एवढं, असं मला खरंच वाटायचं.

जालना हे बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली आणि पुढे गावात बियाण्यांचा धंदा रुजला. आम्हालाही मोठं काम मिळालं ते मक्याच्या बियाण्याच्या ड्रायरचं. कणसं शेतातून येतात तेव्हा दाण्यात ३०-३५ टक्के ओल असते, ती १२ टक्क्यांच्या आसपास आणायची. हवा ४० अंशांच्या फार वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर दाण्यातला गर्भ मरतो. गरम हवा आधी अर्धवट वाळलेल्या कणसांतून जाते आणि तीच पुढे ओल्या कणसांत सोडतात. कोणत्या कप्प्यात कोणती हवा, हे ठरतं डँपरवर.

२०१२ मध्ये अशा एका ड्रायरचे १८ डँपर आम्ही दिले. दर बसावा म्हणून नायलॉनचे बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) घातले, गोल दांडा वापरला आणि हँडल एकाच ग्रब स्क्रूवर, म्हणजे दांड्यावर टेकणाऱ्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूवर आवळलं. ट्रायलला सगळे अलगद फिरले. तिसऱ्या आठवड्यात रात्री फोन आला, एका कप्प्याचं तापमान चढतंय आणि हँडल तर ‘बंद’वर आहे. जाऊन पाहिलं. कणसांतून निघालेली दमट हवा लागून नायलॉन फुगलं होतं, वर भुसा बसला होता, दांडा बुशात घट्ट आवळला गेला होता. ऑपरेटरने जोर लावला तसा ग्रब स्क्रू दांड्यावरून घसरला. हँडल फिरलं, पाती जागची हलली नाही. त्या कप्प्यातला माल बियाण्यातून बाद झाला. एका शेतकऱ्याचं नव्हे, कितीतरी जणांचं पीक त्यात होतं. अठराही डँपर आम्ही स्वखर्चाने बदलले. वडील एवढंच म्हणाले, “अरे, कोठीच्या कडीत आपण कधी पैसे वाचवले होते का?”

तेव्हापासून आम्ही गेजच्या (पत्र्याच्या जाडीच्या) आधी हवेबद्दल विचारतो. किती गरम, किती दमट, धूळ किती, दिवसातून डँपर किती वेळा फिरणार? ऑफिसच्या एसीत कोरड्या, स्वच्छ हवेला नायलॉनचा बुश उत्तम चालतो, तिथे उगाच महाग माल आम्ही गळ्यात मारत नाही. भुसा आणि वाफ असेल तिथे मात्र बेअरिंग डक्टच्या बाहेर, हवेच्या वाटेत नाही. दांडा चौकोनी, म्हणजे हँडल घसरायचा प्रश्नच नाही. आणि प्रत्येक दांड्याच्या टोकावर पातीच्या रेषेत हॅकसॉची एक खाच. हँडलने काहीही सांगो, खाच बघितली की आतली पाती कशी उभी आहे ते कळतं. ही खाच मारायला मिनिटही लागत नाही, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावर आहे.

हवा नुसती चालू-बंद करायची असेल तर सगळ्या पाती एकाच दिशेने फिरणारा डँपर पुरतो. हवा कमी-जास्त करायची असेल तर शेजारच्या पाती उलट दिशेने फिरणाराच घ्यावा, त्यात ताबा नीट राहतो. मोटर बसवायची तर ताकदीत कंजुषी नको. उलट पातीच्या, सील (हवा गळू न देणारी पट्टी) लावलेल्या डँपरला चौरस मीटरमागे साधारण ६ न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं माप) लागतात. एकाच दिशेच्या सीलवाल्याला साडेआठपर्यंत. आम्ही त्यावर थोडं जास्तच धरतो, कारण दोन सीझनच्या धुळीनंतर तोच डँपर जड होतो.

आपल्याकडे विजेचाही विचार करावा लागतो. वीज गेली की पंखा थांबतो, भट्टी मात्र तापलेलीच असते. म्हणून गरम हवेच्या डँपरला स्प्रिंगची मोटर लावतो. वीज जाताच तो आपोआप मिटतो आणि भट्टीकडची हवा बाहेर सोडणारा उघडतो.

आज शेडमध्ये ११ जण आहेत. काम जालन्याबाहेर वाळूज, शेंद्रा, लातूरपर्यंत जातं. त्या जुन्या ड्रायरचे डँपर दर सीझनआधी मी स्वतः जाऊन फिरवून बघतो. मालकांनी आम्हाला दुसरी संधी दिली होती.