उसाला डोळे असतात

सोमवार, १२ जानेवारी

पटावर चोवीस, हजर एकोणीस. थंडी आणि सर्दीच्या दिवसांत एकोणीस म्हणजे पुष्कळ. सकाळी प्रार्थना झाली, जिजाऊंच्या फोटोला मुलांनीच ओवलेला झेंडूचा हार घातला आणि गोष्ट सांगायला बसले. शिवबाची गोष्ट असली की पोरं जागची हलत नाहीत. संपल्यावर एकानं विचारलं, "बाई, शिवाजी महाराज अंगणवाडीत जायचे का?" म्हटलं, "त्यांच्या आईच त्यांच्या बाई होत्या." त्यावर तो बराच वेळ विचारात पडला आणि मग म्हणाला, "मग त्यांना घरी कधी सोडायचे?"

दुपारी मावशींबरोबर बोरन्हाणाचं ठरवत बसले. गेल्या वर्षीचं बोरन्हाण अजून मनाला टोचतं. पताका विकत आणल्या होत्या, मागे मोठा छापील फलक लावला होता, हलव्याचे दागिने भाड्यानं घेतले होते. फोटो सुंदर आले, आयांनी मोबाइलवर ठेवले. पण त्या अख्ख्या सकाळी मी मुलांना एकच वाक्य म्हणत होते, हात लावू नका. ज्यांच्यासाठी सण, ती पोरं भिंतीला टेकून हाताची घडी घालून बसलेली. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या खेपेला विकतचं काही आणायचं नाही, जे करायचं ते मुलांच्या हातून.

मावशी म्हणाल्या, "पसारा होईल हो बाई." होऊ दे.

पाच वर्षांची ती नवी मुलगी आजही बोलली नाही. नोव्हेंबरात आली. बीडकडची ऊसतोडीची टोळी, कालव्यापलीकडे कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकल्यात. आई-बाप मिळून एक कोयता, म्हणजे ऊस तोडणारी एक जोडी. पहाटे चारला दोघं उसाच्या फडात जातात, तेव्हापासून वर्षाचा भाऊ हिच्या कडेवर. पहिल्या दिवशी ती त्याला घेऊन दारात उभी राहिली, आत येईना. आपली वही सांगते, वय तीन ते सहा. पण भावाला बाहेर ठेवून ती आत येणार कशी? मावशींनी व्हरांड्याच्या दोन खांबांना जुन्या लुगड्याची झोळी बांधली, तो झोपला, मग ही उंबरा ओलांडून आली. तेव्हापासून रोज येते. गाणी ऐकते, हात हलवते, खिचडी खाते. बोलत मात्र नाही. वजन केलं तेव्हा काट्याकडे नुसतं बघत राहिली. चित्र काढायला दिलं की कागद उभ्या हिरव्या रेघांनी भरून टाकते, बाकी काही नाही. मला वाटायचं तिला अजून आकार जमत नाहीत.

मंगळवार, १३ जानेवारी

भोगी. मुलांनी घरून मूठमूठ आणलं, पावटा, ओला हरभरा, गाजर, भुईमुगाच्या शेंगा, बोरं. सतरंजीवर सगळं एकत्र ओतलं आणि सांगितलं, वेगवेगळं करा. मण्यांचा डबा दिला तर पाच मिनिटांत कंटाळणारी पोरं पाऊण तास मान वर करेनात. एक जण रंगाप्रमाणे लावत होता, एक जण मोठं-लहान, आणि एकीनं दोनच ढीग केले, आवडतं आणि न आवडतं. तेही वर्गीकरणच. मी ते मोडलं नाही.

प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांबद्दल सांगितलं होतं. १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबादच्या टेकडीवर तर गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवली, मुलं कुरणात म्हणून बाईही कुरणात. माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात कुठली परवडायला, मग खडे, शंख-शिंपले, बिया, पानं हीच साधनं. प्रशिक्षणाच्या वेळी मी हे परीक्षेपुरतं लिहून घेतलं होतं. आज पावट्याच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसले तेव्हा खरं कळलं.

आपली सरकारी अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ ची. गेल्या ऑक्टोबरात पन्नास वर्षं झाली. त्यातली माझी अकरा.

भाजी मावशींनी चुलीवर केली, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी गावातल्या दोन आज्यांनी आणून दिल्या. वांगं न खाणाऱ्यांनीही आज खाल्लं. स्वतः निवडलेलं होतं ना.

बुधवार, १४ जानेवारी

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे, उद्यापर्यंत विसरायला नको.

सुगडात घालायला ऊस हवा होता. एका मुलाच्या आजोबांनी सकाळीच एक अख्खा ऊस दारात आणून टाकला, पाचटासकट. मुलांच्या डोक्याहून उंच. मी आपली नेहमीची तयारी केली होती, मोजून कांड्या करू, लांब-आखूड बघू. मावशी कोयता आणायला आत गेल्या आणि मुलं ऊस ओढायला लागली. कोणी घोडा केला, कोणी झेंड्याची काठी.

तेवढ्यात ती उठली. इतके दिवस कोपऱ्यात बसणारी ती सरळ उसापाशी आली, बसली आणि एका हातानं ऊस धरून दुसऱ्या हातानं पाचट सोलायला लागली. वरून खाली, एका झटक्यात. पाचटाची धार बोट कापते, मोठ्या माणसांचंही कापते. हिला ते कुठं धरायचं ते ठाऊक होतं. सोललेल्या उसाच्या कांडीवर तिनं अंगठा ठेवला आणि म्हणाली,

"हा डोळा."

दोन महिन्यांत मी ऐकलेला तिचा पहिला शब्द. आवाज जरा घोगरा, मोठ्या बाईसारखा. मी श्वास रोखून बसले. मध्ये बोलले असते तर ती परत गप्प झाली असती, असं वाटलं.

सगळी पोरं तिच्याभोवती. पेराच्या जोडावर तांदळाएवढा फुगीर ठिपका असतो, तो तिनं दाखवला. आमची मुलं याच गावची, चारी बाजूंना ऊसच ऊस, घरात ऊस, शेतात ऊस, आणि तो डोळा त्यांनी कधी बघितला नव्हता. एकानं विचारलं, "मग ऊस बघतो का?" ती म्हणाली, "न्हाई. ह्यातून दुसरा ऊस येतोय."

मग मोजायला सुरुवात झाली. बोट ठेवत, एक, दोन, तीन. ऊस फिरवून बघावा लागत होता, कारण एक डोळा या बाजूला तर पुढचा त्या बाजूला. हेही तिनंच सांगितलं, हातानं, बोलून नाही. तळहात एकदा इकडे, एकदा तिकडे. इकडे, तिकडे, इकडे, तिकडे. सगळी मुलं ताल धरून म्हणायला लागली. महिनाभर मी त्यांना लाल मणी, निळा मणी, लाल मणी असं आकृतिबंध शिकवत होते आणि निम्म्यांना ते जमत नव्हतं. आज उसावर ते एका दमात आलं. शेंड्याकडचे डोळे लहान म्हणून वाद झाला, ते मोजायचे की नाही. मोजायचे, असं ठरलं. एकोणीस झाले. "बाई, आपण सोमवारी एकोणीस होतो!" एक जण ओरडला. मुलांच्या लक्षात काय राहील सांगता येत नाही.

मावशींनी तोडताना तिनं त्यांचाही हात थांबवला. डोळ्यावर घाव घालायचा नाही, मधे घालायचा. दोन डोळ्यांची टिपरी. बेणं असंच तोडतात, हे मलाही माहीत आहे, शेतकऱ्याचीच मुलगी मी. पण अंगणवाडीत ते शिकवायचं असतं हे कधी सुचलं नव्हतं.

सुगडाला हवा तेवढा ऊस घेतला. उरलेल्या टिपऱ्या तेलाच्या दोन जुन्या डब्यांत माती भरून लावल्या. हात कोपरापर्यंत चिखलाचे. तिळगूळ त्याच हातांनी खाल्ला असेल काही जणांनी, मी सगळ्यांचे धुवायला लावले होते तरी.

घरी आल्यावर तिची जुनी चित्रं काढून बघितली. उभ्या हिरव्या रेघा. शेजारी शेजारी, पानभर, कडेपर्यंत, मधे जागाच नाही. फडच होता तो. मी दोन महिने त्यावर "सराव आवश्यक" लिहीत होते.

शुक्रवार, १६ जानेवारी

काल किंक्रांत, म्हणून आज बोरन्हाण. रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं, पण मुलांना धीर नव्हता.

पताका जुन्या वर्तमानपत्रांच्या, वाकड्यातिकड्या, कुठे खळ जास्त लागलेली. हलव्याचे दागिने नव्हते. चुरमुऱ्यांच्या माळा ओवल्या, ओवताना निम्मे पोटात गेले. काळे कपडे ज्यांच्याकडे होते त्यांनी घातले, बाकीच्यांच्या गळ्यात काळ्या कागदाची चांदणी. एका आईनं हळूच म्हटलं, "बाई, गेल्या वर्षी किती छान सजावट होती." मी त्यांचा हात धरून त्यांच्या मुलाकडे नेलं. तो दुसऱ्या एकाला माळ कशी बांधायची ते शिकवत होता. त्या थांबून बघत राहिल्या. पुढे काही बोलल्या नाहीत, पण खाली बसून ओवायला लागल्या.

चार-चार मुलांना पाटावर बसवून औक्षण केलं, मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, शेंगा, उसाचे करवे, तिळगूळ, गोळ्या. जे खाली पडतं ते लुटायचं, यातच सगळी मजा. मोठ्यांनी लहानांना ढकलू नये म्हणून नियमही मुलांनीच केला होता, ओंजळ भरली की बाजूला व्हायचं. बहुतेकांनी पाळला.

शेवटच्या पाटावर ती आणि मांडीवर भाऊ. औक्षणाला कोण, असा प्रश्न होता. तेवढ्यात दारात तिची आई. फडातून तशीच आलेली, साडीवर पुरुषी सदरा, डोक्याला घट्ट टॉवेल, हातांवर पाचटाचे ओरखडे. आत येईना. "अंगाला सगळी माती हाय बाई." मुलांनीच तिला हात धरून ओढलं. तबक तिच्या हातात दिलं तेव्हा हात थरथरत होता. दिवा विझेल म्हणून मावशींनी आडोसा धरला. तिनं दोघांना ओवाळलं. नंतर कडेला बसून मला म्हणाली, "आमच्या पोरांचं असलं काई झालंच न्हाई. संक्रांतीला आमी घरी असतोय कुठं?"

खरंच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परत जात नाहीत. संक्रांत, शिमगा सगळं दुसऱ्याच्या गावात. शाळेचं वर्षही मधूनच तुटतं. तिची नोंद मी मोबाइलमध्ये स्थलांतरित म्हणून केली आहे, गावाकडच्या अंगणवाडीला ती दिसावी म्हणून. पण तिला उसाचे डोळे कळतात, ती बोटांवर वीसपर्यंत मोजते, भावाला झोपवताना स्वतः रचलेलं गाणं म्हणते, हे लिहायला त्यात जागा नाही. एका वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. आईजवळ देणार आहे, तिकडच्या बाईंना द्या म्हणून.

सोमवार, १९ जानेवारी

हजर बावीस.

सकाळी कुलूप काढायला गेले तर ती आधीच पायरीवर, भाऊ कडेवर. मला वाटलं खिचडीसाठी लवकर आली. नाही. डब्यांपाशी गेली, भावाला खाली ठेवलं आणि बोटानं माती जराशी उकरली. थंडीत कोंब यायला वेळ लागतो, दोन-तीन आठवडे तरी. मी ते सांगणार होते.

तिनं माती परत नीट सारखी केली, वरून हात फिरवला. मागून दोघं-तिघं धावत आले, "आला का? आला का?"

"हळू बोला," ती म्हणाली. "झोपलाय अजून."