घर नाही चालायचं

‘तुमच्या त्या जिवाणूंच्या विजेवर घर कधी चालणार?’ मी प्रयोगशाळेत काय करतो हे कळलं, की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: घर नाही चालायचं.

आपण अन्न पचवतो तेव्हा त्यातले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या गळ्यात मारतो. श्वास घ्यायचा तो त्यासाठीच. नदीच्या गाळात ऑक्सिजन कुठून येणार? तिथे जिओबॅक्टर नावाचा जिवाणू हे इलेक्ट्रॉन पेशीबाहेर नेतो आणि लोहाच्या खनिजावर टाकतो. १९८७ साली अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळातून तो हाती लागला. खनिजाच्या जागी ग्रॅफाइट ठेवलं तरी त्याची तक्रार नसते. तार जोडून दुसरं टोक हवेशी भिडवलं की झाला सेल. इलेक्ट्रॉन बाहेर नेणारे त्याचे सूक्ष्म धागे म्हणजे केसासारखी साधी प्रथिनं, असं बरीच वर्षं मानत होते. २०१९ मध्ये त्यातला एक धागा चक्क हीमयुक्त प्रथिनांची माळ निघाला. हीम, म्हणजे आपलं रक्त ज्यामुळे लाल दिसतं तेच! मला हे अजूनही विजेपेक्षा जास्त नवलाचं वाटतं.

आता विजेचं. माझ्या पहिल्या सेलला मीटर लावला, तर अर्धा व्होल्टही भरेना. डबा दहापट मोठा केला म्हणून वीज दहापट होत नाही, आतला रोध आडवा येतो. अनेक सेल एकापुढे एक जोडले, तर त्यातला एखादा उपाशी सेल उलटा फिरतो आणि बाकीच्यांची कमाई खातो. यात माझे कित्येक महिने गेले, जाऊ द्या.

मग हे काम कशाला? सांडपाण्यासाठी. नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रात जिवाणूंना ऑक्सिजन मिळावा म्हणून पाण्यात हवा फुंकत राहावं लागतं, आणि केंद्राची साधारण निम्मी वीज त्यातच जाते. आमचे जिवाणू तीच घाण हवेवाचून खातात, मागे गाळही कमी उरतो. त्यामुळे मी हिशेब करतो तो किती वीज मिळाली याचा नाही, किती हवा फुंकावी लागली नाही याचा. हे सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो.

हां, जिथे बॅटरी बदलायला जाणंच अवघड, तिथे मात्र थेट वीजही कामाची. हवामान मोजणारा तरंगता बोया अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी पाण्याच्या तळच्या गाळातल्या अशा विजेवर चालवून दाखवलाय. त्याला लागते चिमूटभर वीज, आणि जिवाणूंचं जेवण गाळातच असतं.