हेतू शुद्ध नसला तरी चालेल, पण...

परक्या देशात फौज घुसवणं चूकच, असं मी बरीच वर्षं ठासून सांगायचो, त्यावरून भांडणंही केलीत. मग किगालीतल्या त्या टेक्निकल शाळेबद्दल वाचलं. एप्रिल १९९४, रवांडा, तुत्सी लोकांची कत्तल चालू होती. शाळेत यूएनचे बेल्जियन सैनिक होते म्हणून दोनेक हजार माणसं तिथे जीव मुठीत धरून बसलेली, बाहेर कोयतेवाले वाट बघत उभे. ११ तारखेला सैनिकांना निघायचा आदेश आला, गाड्या भरल्या आणि गेले, लोक मागे धावतायत. त्यातले बहुतेक त्याच दिवशी मारले गेले. दहा दिवसांनी सुरक्षा परिषदेने काय केलं? तर होती ती फौजही कापून २७० च्या आसपास आणायचं ठरवलं. इथे मला 'सार्वभौमत्व' हा शब्द तोंडातून काढवत नाही.

पण मग लिबिया आहे ना. मार्च २०११, हुकूमशहा गद्दाफीच्या फौजेपासून बेनगाझी शहरातली माणसं वाचवायची म्हणून सुरक्षा परिषदेने लष्करी कारवाईला परवानगी देणारा ठराव (क्रमांक १९७३) केला, आणि नाटो उतरली. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला तेव्हा मी चिडलो होतो, खरं सांगतो. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला, महिना संपायच्या आत नाटोने गाशा गुंडाळला, आणि पुढची कित्येक वर्षं देश बंदूकवाल्या टोळ्यांच्या तावडीत.

लोक म्हणतात हेतू शुद्ध पाहिजे. मला ते पटेनासं झालंय. १९७१ ला भारत काय निव्वळ दयेपोटी लढला? कोटीभर निर्वासित अंगावर आलेले, शिवाय पाकिस्तानशी जुना हिशोब. व्हिएतनामने १९७९ ला कंबोडियात स्वतःच्याच लोकांची कत्तल करणाऱ्या हुकूमशहा पोल पॉटला हाकललं तेही सीमेवरच्या हल्ल्यांना वैतागून (आणि जगाने शिव्या व्हिएतनामलाच घातल्या, यूएनमधली खुर्ची मात्र पोल पॉटवाल्यांकडेच!). तरी कत्तल थांबली की नाही?

म्हणून आता मी एवढंच बघतो की नंतर चावी कोणाच्या हातात देणार. बांगलादेशात १९७० ला निवडून आलेली माणसं होती, त्यामुळे मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज परत येऊ शकली. लिबियात तसं कोणीच नव्हतं. व्हिएतनाम तर कंबोडियात दहा वर्षं अडकून पडला.

अर्थात त्या शाळेला हा प्रश्न लागूच होत नाही. तिथे कोणाला घुसायचं नव्हतं, सैनिक आधीच आत होते, त्यांनी फक्त निघून जायला नको होतं.